पाठलाग करणारे बंदराच्या तोंडाशी येऊन का थांबतात?

दुसऱ्या महायुद्धातल्या डंकर्कचा, म्हणजे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या बंदराचा, विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. 10 मे 1940 ला जर्मनांनी हल्ला सुरू केला, 20 मे ला त्यांचे रणगाडे थेट समुद्राला टेकले, ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा उत्तरेच्या एका कोपऱ्यात कोंडल्या गेल्या, डंकर्क बंदर रणगाड्यांपासून जेमतेम 15-20 किलोमीटरवर, आणि तिथे येऊन हे थांबले. मग समोरचे जहाजात बसून निघून गेले, एकदोन हजार नाही तर 3,38,226 जण. इतकं सगळं करून शेवटच्या घासाला हात आखडता का घेतला?

आणि मग लगेच ती थिअरी येतेच, की हिटलरला ब्रिटनशी तह करायचा होता म्हणून त्याने मुद्दाम दार उघडं ठेवलं. ऐकायला भारी वाटते, पण त्यात एक मोठी अडचण आहे. ज्या 24 मे ला रणगाडे थांबवले त्याच दिवशी हिटलरने युद्धाचा निर्देश क्रमांक 13 काढला आणि त्यात सरळ लिहिलंय की कोंडलेल्या फ्रेंच, ब्रिटिश आणि बेल्जियन फौजा नष्ट करा आणि इंग्रज खाडी ओलांडून पळू नयेत हे विमानदलाने बघावं. ज्याला सोडायचंय तो असा कागद काढत नाही. मुद्दाम सोडल्याची गोष्ट नंतरची आहे, हिटलरच्या आणि त्याच्या काही सेनापतींच्या बाजूने आलेली, आणि हातातून निसटलेल्या माशाबद्दल "मीच सोडला" असं म्हणणं कोणालाही सोयीचंच असतं म्हणा.

मग थांबले का? यासाठी आधी पाठलाग म्हणजे काय प्रकार असतो ते बघू, कारण आपल्या डोक्यात चित्र असं असतं की पळणारा दमलेला, घाबरलेला, आणि मागे लागलेला ताजातवाना. प्रत्यक्षात दोघंही सारखेच दमलेले असतात आणि बऱ्याचदा मागचा जास्त. पळणारा स्वतःच्या रसदीकडे पळत असतो, मागचा स्वतःच्या रसदीपासून रोज लांब जात असतो. पुढचा जाताना पूल उडवतो, रस्ते खराब करतो, धान्य संपवतो, आणि मागच्याला त्याच उडवलेल्या पुलावरून तोफा आणायच्या असतात. त्यामुळे पाठलागात सैन्य रबरासारखं ताणलं जातं, घोडदळ किंवा रणगाडे पार पुढे, पायदळ दोन-चार दिवस मागे, जड तोफा आणि दारूगोळा त्याच्याही मागे. म्हणजे समुद्रापाशी जे पोचतं ते अख्खं सैन्य नसतंच, नुसतं टोक असतं.

1809 चं ला कोरुन्याचं उदाहरण घ्या. सर जॉन मूरचं ब्रिटिश सैन्य ऐन थंडीत उत्तर स्पेनच्या डोंगरांतून पळत होतं, पाठीमागे आधी खुद्द नेपोलियन आणि जानेवारीच्या सुरुवातीला तो परत फिरल्यावर मार्शल सुल्त. ब्रिटिशांची हालत अशी की शिस्त मोडलेली, माणसं रस्त्यात पडतायत, दारू पिऊन लोळतायत. 11 जानेवारीला मूर बंदरावर पोचला तर बंदरात न्यायला जहाजंच नाहीत, वारा उलटा असल्यामुळे ती अडकलेली. म्हणजे सुल्तला आयती संधी. पण सुल्तचं स्वतःचं सैन्य त्याच बर्फातल्या रस्त्यांवर मैलोन्‌मैल पसरलेलं होतं आणि तोफा यायच्या बाकी होत्या, तो थांबला, जमवाजमव करत बसला. 14 ला जहाजं आली. 16 ला सुल्तने हल्ला केला तेव्हा समोर ते दारू पिऊन लोळणारं सैन्य नव्हतं, विश्रांती घेतलेलं, कोठारातून नव्या बंदुका मिळालेलं आणि पाठीला समुद्र असल्यामुळे पळायला जागाच नसलेलं सैन्य होतं. मूर मेला, पण हल्ला परतवला गेला आणि त्याच रात्री माणसं जहाजात चढायला लागली. दुसऱ्या दिवशी सुल्तच्या तोफा टेकड्यांवर चढून बंदरातल्या जहाजांवर गोळे टाकत होत्या, पण तोवर बहुतेकांचं काम झालं होतं. साधारण 26 हजार माणसं निघून गेली.

यात सुल्तने "सोडलं" का? नाही ना. तीन दिवस त्याच्याकडे मारायला पुरेसा हातच नव्हता, आणि हात आला तोवर समोरच्याची मूठ वळलेली होती.

ही मूठ वळण्याची भानगड समजून घेण्यासारखी आहे. समुद्राला पाठ लावून उभं असलेलं सैन्य अर्धवर्तुळात उभं असतं आणि माणसं मागे सरकतात तसं ते वर्तुळ लहान होत जातं. शंभर किलोमीटरवर पसरलेली माणसं आणि तोफा वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये आल्या की दर किलोमीटरला माणूस वाढतो, तोफ वाढते, म्हणजे हरणारं सैन्य जितकं आकसतं तितकं त्याचं कवच जाड होतं. त्यात बाजूने वळसा घालून मागे जायची सोय नाही कारण मागे पाणी. हल्ला करायचा तर समोरूनच, आणि समोरून हल्ला म्हणजे सगळ्यात महाग. वर समुद्रात त्यांचं आरमार उभं असेल तर जहाजावरच्या तोफा, ज्या जमिनीवरच्या बहुतेक तोफांपेक्षा मोठ्या असतात, त्या फुकटात त्यांच्या मदतीला. मांजराला खोलीत कोंडून मारायला गेलं तर ते नरड्यावर झेप घेतं हे आपल्याला लहानपणापासून माहितीये, इथे तर मांजराच्या मागे तोफखाना आहे.

आता परत डंकर्क. रणगाडे थांबवण्याचा मूळ विचार हिटलरचा नव्हता, 23 मे च्या संध्याकाळीच रुंडश्टेट आणि क्लूगे या जर्मन सेनापतींनी जरा थांबून मागच्यांना जवळ येऊ द्या असं ठरवलं होतं. कारण साधं होतं. दहा-बारा दिवस रणगाडे पळत होते, कित्येक बंद पडलेले, काही तुकड्यांत तर निम्मे कामातून गेलेले, पायदळ पायी आणि घोड्यांच्या गाड्या घेऊन मागून येतंय. 21 मे ला अरासजवळ ब्रिटिशांनी शंभराहूनही कमी रणगाडे घेऊन उलटा हल्ला केला, तो लहान होता आणि फसलाही, पण जर्मन मुख्यालयात पोटात गोळा आला, की आपण इतके लांब आणि इतके सडपातळ पसरलोय, कोणी कमरेत घाव घातला तर? 24 मे ला हिटलर शार्लव्हिलला रुंडश्टेटकडे आला आणि त्याने याच निर्णयावर शिक्का मारला.

त्यात मानापमानाचं नाटक पण होतं, हे पुस्तकांत असतं पण गप्पांत येत नाही. सेनाप्रमुख ब्राउखिचने आदल्या रात्री हिटलरला न विचारता रणगाड्यांची ती आर्मी रुंडश्टेटकडून काढून दुसऱ्या आर्मी ग्रुपकडे द्यायचा हुकूम काढला होता. हिटलरने तो रद्द केला आणि पुढे कधी जायचं हे रुंडश्टेटने ठरवावं असं सांगितलं. म्हणजे साहेब कोण आहे हे पण त्या दोन दिवसांत सिद्ध करायचं होतं. आणि विमानदलाचा प्रमुख गोरिंग मध्येच म्हणाला की माझी विमानं हे काम उरकतील. हिटलरला ते पटलं कारण डंकर्कभोवतीची जमीन कालव्यांची आणि दलदलीची, रणगाड्यांना वाईट, आणि हिटलर स्वतः पहिल्या महायुद्धात याच फ्लँडर्सच्या चिखलात होता.

इथे अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. रणगाडे थांबलेले असताना ते सगळे जहाजात चढले असं जे चित्र आहे ते बरोबर नाही. थांबायचा हुकूम 26 मे ला उठला आणि ब्रिटिशांची ऑपरेशन डायनॅमो, म्हणजे माणसं जहाजांनी काढायची मोहीम, सुरू झाली तीसुद्धा 26 मे च्या संध्याकाळी. 27 ला दिवसभरात फक्त 7,669 माणसं निघाली. बाकी सगळी नंतरच्या आठ दिवसांत, जर्मन हल्ला चालू असताना निघाली. मग त्या थांबण्याने दिलं काय? तर वेळ दिला. त्या अडीच दिवसांत ब्रिटिश आणि फ्रेंचांनी कालव्यांच्या मागे कडं उभं केलं, त्यांच्या दक्षिणेकडच्या डिव्हिजन कोंडीतून मागे सरकल्या, पुलांना सुरुंग लागले. तोवर मूठ वळली. शिवाय लील शहरापाशी अडकलेल्या फ्रेंच तुकड्या 31 मे पर्यंत लढत राहिल्या आणि त्यांनी बऱ्याच जर्मन डिव्हिजन स्वतःभोवती गुंतवून ठेवल्या, त्याचं श्रेय त्यांना फारसं कोणी देत नाही.

पण मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा मोठं कारण डोक्यातलं आहे. जमिनीवर वाढलेल्या सेनापतीला समुद्र दिसला की वाटतं भिंत आली, संपलं, आता हे कुठे जातायत. आरमारात वाढलेल्या माणसाला तोच समुद्र म्हणजे हमरस्ता वाटतो. जर्मनांना वाटत होतं की पोतं शिवून झालंय, फक्त दोरी आवळायची बाकी, दोन दिवस इकडेतिकडे झाले तर काय बिघडतंय. लाखोंच्या सैन्याला जहाजाने उचलता येईल हे त्यांच्या हिशोबातच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ब्रिटिशांच्याही नव्हतं, सुरुवातीला त्यांचा अंदाज 45 हजार माणसं वाचतील इतकाच होता. पुढे जे झालं त्यात बंदराच्या धक्क्याचा वाटा मोठा आहे. लहान होड्यांच्या गोष्टी सगळ्यांना आवडतात पण सुमारे 2,39,000 माणसं बंदरातून, म्हणजे मुख्यतः समुद्रात गेलेल्या त्या लांबलचक लाटरोधक बांधावरून मोठ्या जहाजांत चढली, वाळूवरून उचललेली साधारण 99,000. तो बांध जहाज लावायला बांधलेलाच नव्हता.

आणि गोरिंगचं काय झालं? बरेच दिवस ढग आणि पाऊस, जळणाऱ्या तेलाच्या टाक्यांच्या धुराने बंदर झाकलेलं, मऊ वाळूत बाँब रुतून अर्धा जोर वाया जात होता, आणि इंग्लंडच्या दक्षिणेतून येणारी लढाऊ विमानं जर्मन तळांच्या तुलनेत जवळून येत होती. तरीही 860 च्या आसपास जहाजा-होड्यांपैकी 200 च्या वर बुडाल्या, म्हणजे काही फुकट सोडलं नाही. मुळात विमानांवर सोपवावं लागलं कारण समुद्रात अडवायला जर्मनांकडे आरमार होतंच कुठे, एप्रिलमध्ये नॉर्वेत नार्विकला त्यांच्या 10 विनाशिका गेल्या होत्या.

हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं खरं. समुद्रमार्गे माघार अडवणं हे बहुतेक वेळा जमिनीवरच्या सैन्याच्या हातात नसतं. समुद्र ज्याचा, निर्णय त्याचा. तीन वर्षांनी ट्युनिशियात हेच चित्र उलटं झालं, मे 1943 मध्ये जर्मन आणि इटालियन फौजा समुद्राला टेकल्या पण समुद्र ब्रिटिशांचा होता, ॲडमिरल कनिंगहॅमने काहीही पलीकडे जाऊ देऊ नका असा हुकूम दिला आणि सुमारे अडीच लाख माणसं कैद झाली. त्यात दया नव्हती की हुशारी नव्हती, नुसतं पाणी कोणाकडे होतं एवढाच फरक.

मात्र पाणी असूनही पोपट होऊ शकतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिसिलीतून जर्मन निघाले, मेसिनाची सामुद्रधुनी, सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम 3 किलोमीटर. वर विमानं दोस्त राष्ट्रांची, आजूबाजूला समुद्र दोस्तांचा. तरी 11 ते 17 ऑगस्टमध्ये जर्मनांनी माणसं, हजारो गाड्या, रणगाडेसुद्धा पलीकडे नेले. कसं? दोन्ही काठांवर विमानविरोधी तोफा आणि किनारी तोफा इतक्या दाट लावल्या की त्या चिंचोळ्या पाण्यात मोठी जहाजं घालायला दोस्तांचं आरमार तयार होईना, मोठी बाँबर विमानं दुसऱ्याच कामांवर, आणि जमिनीवर अमेरिकन सेनापती पॅटन आणि ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांच्यात मेसिनाला आधी कोण पोचतो याची शर्यत. पळणाऱ्यांना अडवणं हे कोणा एकाचं काम म्हणून कोणी दिलंच नव्हतं, भूदल म्हणे आरमार बघेल, आरमार म्हणे विमानदल बघेल. पॅटन 17 ला शहरात पोचला तेव्हा पक्षी उडून गेलेले, आणि महिन्याभरात सालेर्नोच्या किनाऱ्यावर त्यातल्याच डिव्हिजन समोर उभ्या होत्या.

आता आणखी एक कारण. पाठलाग करणाऱ्याला पुढे अजून काम असतं. जर्मनांसाठी डंकर्क हा शेवट नव्हता, दक्षिणेला अजून साठेक फ्रेंच डिव्हिजन उभ्या होत्या, पॅरिस बाकी होतं, आणि त्या लढाईला रणगाडे हवे होते, ते दलदलीत घालवायचे का? 5 जूनला त्यांनी पुढचा हल्ला सुरू केला, 14 जूनला पॅरिस पडलं. त्यांच्या बाजूने बघितलं तर ब्रिटिश अडीच हजार तोफा आणि 60 हजारांच्या वर गाड्या टाकून, हात हलवत घरी गेले होते. शत्रू मैदानातून गेला, सामान आपल्याला मिळालं, फ्रान्स एकटा पडला. त्या आठवड्यात हा सौदा वाईट वाटला नसणार. माणसं मात्र तोफांपेक्षा हळू तयार होतात, शिकलेला सार्जंट, अनुभवी अधिकारी यांना वर्षं लागतात आणि तोफ कारखान्यातून काही महिन्यांत येते, हा हिशोब चुकला.

खरोखर जाणूनबुजून सोडल्याची उदाहरणं पण आहेत, फक्त ती लढाईपेक्षा तहाच्या टेबलावर सापडतात. वसई बघा. मे 1739, चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला तेव्हा पोर्तुगीजांना हत्यारांसह, मानाने, जहाजांतून जाऊ दिलं. वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसं पडली होती, उत्तरेत नादिरशहाने दिल्ली लुटली होती त्यामुळे फौजेला मोकळं होणं गरजेचं होतं, आणि हवा होता तो किल्ला आणि उत्तर कोकण, आत उरलेली माणसं नव्हे. त्यांना मारण्यासाठी अजून एक चढाई करण्यात काय हशील? 1982 मध्ये बैरूतला तसंच, इस्रायलने शहराला वेढा घातला होता, अमेरिकेच्या मध्यस्थीने पीएलओचे, म्हणजे पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचे, हजारो लढवय्ये ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत बहुतांशी जहाजांनी बाहेर पडले, त्यांचा नेता अराफात 30 तारखेला. लाखोंच्या वस्तीत गल्लोगल्ली लढण्यापेक्षा ते लेबनॉनमधून जाणं हेच उद्दिष्ट होतं आणि ते लढल्याशिवाय मिळत होतं.

पण या सगळ्यात कळस म्हणजे सिंत्राचा करार. ऑगस्ट 1808, पोर्तुगालमध्ये ब्रिटिश सेनापती वेलस्लीने व्हिमेरूला फ्रेंचांना हरवलं, तो पाठलाग करायला निघणार तेवढ्यात वरिष्ठ अधिकारी बरार्ड आले आणि म्हणाले थांबा. दुसऱ्या दिवशी त्याहून वरिष्ठ डॅलरिंपल आले. फ्रेंचांच्या हातात लिस्बन होतं, सरहद्दीवरचे किल्ले होते, सगळं लढून घ्यायचं तर महिने गेले असते, म्हणून करार झाला की फ्रेंच सैन्याने हत्यारं आणि सामानासकट फ्रान्सला जावं. आणि जहाजं कोणाची? ब्रिटिशांची! ज्यांना हरवलं त्यांना स्वतःच्या जहाजात घालून घरी पोचवलं, 25 हजारांच्या आसपास माणसं, आणि सामानात लुटीचा मालही गेला. लंडनमध्ये लोक इतके भडकले की तिघांनाही चौकशीला उभं राहावं लागलं. त्या परत पोचवलेल्या फ्रेंच सेनापतींत दलाबोर्द नावाचा एक जनरल होता. पाच महिन्यांनी ला कोरुन्याबाहेर सुल्तच्या सैन्यात मूरवर चाल करून येणाऱ्या तीन पायदळ डिव्हिजनपैकी एक याच दलाबोर्दची होती.

सोडलेलं सैन्य परत येतं हे वरच्या पातळीवर बरोबर कळतं बरं का. नोव्हेंबर 1920 मध्ये क्रिमियात रँगलच्या श्वेत, म्हणजे बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या, सैन्याला बोल्शेविक सेनापती फ्रुंझेने शरणागतीच्या अटी पाठवल्या तेव्हा लेनिनने त्याला झापलं होतं की इतक्या सैल अटी कशाला, आणि एकही जहाज बाहेर जाता कामा नये. पण लेनिन मॉस्कोत होता आणि फ्रुंझेची माणसं पेरेकोपची तटबंदी फोडून अर्धमेली झाली होती, रँगलने चपळाईने संपर्क तोडला आणि सव्वाशे जहाजांतून 1,45,000 च्या वर लोक निघून गेले. 1950 च्या डिसेंबरमध्ये कोरियात हुंगनामलाही तेच. चिनी नववी आर्मी ग्रुप चोसिन जलाशयाजवळच्या थंडीत अक्षरशः गोठली होती, हिमदंशाने हजारो माणसं निकामी, पुढचे काही महिने ती लढायच्या लायकीचीच राहिली नाही, आणि समोर बंदरात अमेरिकन युद्धनौकांच्या तोफा. अमेरिकेच्या बाजूचे 1,05,000 सैनिक आणि जवळपास तितकेच नागरिक जहाजांत बसून गेले, 24 डिसेंबरला बंदर उडवून दिलं.

आणि डंकर्कच्या त्या 3,38,226 मध्ये सव्वा लाखाच्या आसपास फ्रेंच होते हे पण सांगून टाकतो. शेवटच्या रात्रींत पिछाडी सांभाळणारेही मुख्यतः फ्रेंचच, त्यातले 35-40 हजार 4 जूनला धक्क्यावर जहाजाची वाट बघत कैद झाले. जे सुटून इंग्लंडला पोचले त्यांना थोड्याच दिवसांत परत जहाजात घालून फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या बंदरांत उतरवलं, उरलेली लढाई लढायला. 22 जूनला फ्रान्सने युद्धबंदीवर सही केली.